शून्य टक्के, शून्य टक्के आणि एकदम शंभर: स्क्रिप्टमधली आवृत्तीची ओळ कशासाठी असते?

सोमवारी सकाळी पावणेदहाला आमच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. कुणाचा लॅपटॉप वाय-फायला चिकटतोय पण नेट नाही, कुणाचा प्रिंटर गायब, मीटिंग रूममधला टीव्ही नुसता गरगरतोय. नेटवर्कवर यायचं तर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. त्या मजल्यासाठी असे २५० पत्ते ठेवलेले होते आणि २५०च्या २५० संपले होते. वापर ९० टक्क्यांवर गेला की मला मेल यावा म्हणून मीच एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. मेल आला. शेवटचा पत्ता गेल्यावर आला. ‘वापर: १०० टक्के.’

त्याच्या आधीच्या तासाची नोंद उघडली: शून्य टक्के. त्याच्या आधीची? शून्य. तीन आठवडे मागे गेलो, सगळीकडे शून्य.

गणित चौथीतल्या पोराला जमेल असं होतं. वापरलेले पत्ते भागिले एकूण पत्ते, गुणिले शंभर. २३१ भागिले २५० म्हणजे ०.९२४, गुणिले शंभर म्हणजे ९२.४. माझ्या लॅपटॉपवर हेच उत्तर यायचं. पण लॅपटॉपवर पायथॉन या भाषेची तिसरी आवृत्ती होती आणि ज्या जुन्या सर्व्हरवर स्क्रिप्ट ठेवली तिथे दुसरी. दुसऱ्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच, दशांशचिन्हापुढचं सगळं कापलं जातं. २३१ भागिले २५० बरोबर शून्य. शून्याला शंभरनं गुणा नाहीतर लाखानं, शून्यच. आणि २५० भागिले २५० मात्र एक, म्हणून एकदम शंभर टक्के.

मी आधी शंभरनं गुणून मग भागलं असतं, तर जुन्या पायथॉननंही ९२ सांगितले असते आणि मला आजतागायत काही कळलं नसतं.

## पॅटर्न लिहिलेली प्रश्नपत्रिका

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी मुळापासून. ऑफिस असो, बँक असो की इंटरनेट पुरवणारी कंपनी, नेटवर्क म्हणजे स्विच आणि राउटर नावाचे डबे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. पूर्वी एकेका डब्यात लॉगिन करून हातानं आज्ञा टंकायच्या. डबे दहाचे दोनशे झाले की हे जमत नाही. मग त्या आज्ञा एका फाइलीत लिहून संगणकालाच सांगायचं, जा, दोनशे ठिकाणी हे कर. ती फाइल म्हणजे स्क्रिप्ट आणि या सगळ्या प्रकाराला नेटवर्क ऑटोमेशन म्हणतात.

स्क्रिप्ट लिहायला भाषा लागते आणि भाषेच्या आवृत्त्या निघतात. आपण कोणत्या आवृत्तीत लिहिलंय हे फाइलीनं स्वतःच वरती सांगायचं, त्याला आवृत्तीची घोषणा म्हणतात. मी तिला नुसतं ‘आवृत्तीची ओळ’ म्हणेन.

पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्यांना हे सांगायला नको. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर विषयाच्या नावाशेजारी कंसात ‘२०१९ पॅटर्न’ किंवा ‘२०१५ पॅटर्न’ असं छापलेलं असतं. विषयाचं नाव तेच, पण अभ्यासक्रम वेगळा. बॅकलॉग राहिलेल्या मुलाच्या हातात चुकून नव्या पॅटर्नचा पेपर पडला, तर निम्मे प्रश्न ओळखीचे वाटतील आणि तो सोडवायलाही बसेल. कंसातल्या त्या दोन शब्दांचं काम प्रश्न विचारण्याचं नाही. खालचे प्रश्न कुठल्या नियमांनी वाचायचे, एवढंच ते सांगतात.

## पण भाषा बदलतात तरी कशाला?

आधीच्या चुका निस्तरायला. पायथॉन ३.० आलं डिसेंबर २००८मध्ये. भागाकाराचा तो नियम, अक्षरं साठवण्याची पद्धत, असं बरंच काही त्यात मुद्दाम मोडून नव्यानं बसवलं. आणि जुनं लगेच बंद झालं नाही. दुसऱ्या पायथॉनला १ जानेवारी २०२० रोजी अधिकृत निरोप मिळाला आणि शेवटची २.७.१८ ही आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. म्हणजे अकरा वर्षं दोन्ही एकाच घरात नांदत होती, आणि जुन्या सर्व्हरांवर दुसरं पायथॉन अजूनही नांदतंय.

बदल आपल्याही सोयीचे होते. दुसऱ्या पायथॉनमध्ये ‘हा स्विच तिसऱ्या मजल्यावर आहे’ एवढी टीप देवनागरीत लिहिली तरी स्क्रिप्ट सुरू व्हायलाच नकार द्यायची. त्यासाठी वर ‘कोडिंग: यूटीएफ-८’ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) अशी वेगळी ओळ लागायची, तीही पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीतच, तिसऱ्या ओळीत चालणार नाही. तिसऱ्या पायथॉननं यूटीएफ-८ गृहीतच धरलं. त्या दिवसापासून माझ्या स्क्रिप्टमधल्या टिपा मराठीत असतात.

भागाकारावरही तोडगा होता. फाइलीच्या सुरुवातीला एका ओळीत ‘फ्यूचर’ नावाच्या कपाटातून ‘डिव्हिजन’ मागवून घ्यायचं, की जुनं पायथॉनही नव्यासारखं भागायला लागतं. तीही एक आवृत्तीची ओळच म्हणायची, फक्त भाषेच्या एका नियमापुरती.

## न बोलता झालेला घोटाळा

तुम्ही म्हणाल, चुकीच्या आवृत्तीवर टाकली तर स्क्रिप्ट बंद पडायला हवी, त्यात काय घाबरायचं? बंद पडली तर खरंच घाबरायचं कारण नाही. गोची होते ती बंद न पडता.

पंचांगाचं उदाहरण घ्या. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला. उत्तरेकडच्या पंचांगात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एकच, नाव वेगळं, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. आता कुणी कागदावर नुसतं ‘भाद्रपद वद्य अष्टमी’ लिहून पाठवलं आणि कुठल्या पंचांगानं ते सांगितलं नाही, तर तुम्ही महिनाभर उशिरा पोहोचाल. पण ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी’ लिहिलं तर? काही बिघडत नाही, शुद्ध पक्षात दोन्ही पंचांगं जुळतात. गणपती दोन्हीकडे त्याच दिवशी बसतात. म्हणजे निम्मा महिना गैरसमज झाकलेला राहतो आणि उरलेल्या निम्म्यात नेमका घात होतो.

स्क्रिप्टचंही तेच. शंभरातल्या ९५ ओळी दोन्ही आवृत्त्यांत सारख्याच वाचल्या जातात. त्या सुरळीत चाललेल्या बघून आपण निर्धास्त होतो.

यातलं माझं आवडतं उदाहरण टीसीएल भाषेतलं आहे. बोलताना तिला ‘टिकल’ म्हणतात. सिस्को कंपनीच्या राउटरांत ती वर्षानुवर्षं आहे आणि दूरच्या डब्याशी आपोआप संवाद करणारं ‘एक्स्पेक्ट’ हे साधनही तिच्यावरच उभं आहे. एका स्विचचे जे आभासी कप्पे करतात त्यांना व्हीलॅन म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. यादीत कुणीतरी टापटिपीसाठी ‘०१०’ लिहिलं. टीसीएल ८मध्ये गणिताला बसवल्यावर पुढचं शून्य बघून भाषा तो आकडा अष्टमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी आठावर मोजत, वाचते: ०१० म्हणजे आठ. सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या टीसीएल ९मध्ये हा नियम काढला: ०१० म्हणजे सरळ दहा. तीच स्क्रिप्ट, तीच यादी. एका आवृत्तीत तुम्ही आठव्या कप्प्याला हात लावता, दुसऱ्या आवृत्तीत दहाव्या. चूक झाल्याचा संदेश कुठेही येत नाही, कारण दोन्ही उत्तरं आपापल्या नियमानं बरोबरच आहेत.

## ओळ कुणासाठी, हे भाषेगणिक बदलतं

ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांवर चालणाऱ्या स्लॅक्स भाषेत हा मामला सर्वांत शिस्तीचा आहे. प्रत्येक स्क्रिप्टची सुरुवात ‘व्हर्जन १.०;’ किंवा ‘व्हर्जन १.१;’ अशा विधानानंच व्हायला हवी, शेवटच्या अर्धविरामासकट. १.०मध्ये एकदा किंमत दिलेलं चल पुन्हा बदलता येत नाही. १.१मध्ये बदलता येणारं चल आलं, त्याचा शब्द ‘एमव्हार’. जुनी १.०ची स्क्रिप्ट १.१ समजणाऱ्या डब्यावर चालते, पण ‘एमव्हार’ वापरायचं तर वर १.१ लिहिणं भाग. नवी सोय हवी, तर आधी नाव नोंदवा.

तिथे ही शिस्त वाया जात नाही, कारण यातल्या काही स्क्रिप्ट ‘कमिट’च्या वेळी धावतात, म्हणजे तुम्ही डब्यातली मांडणी बदलून ‘पक्कं कर’ म्हणता तेव्हा. स्क्रिप्टनं चूक दाखवली की बदल पक्का होतच नाही. रात्री दोन वाजता, बदलाला मिळालेल्या तासाभराच्या मुदतीत, पहिल्याच ओळीवर अडणारी स्क्रिप्ट शिव्या खाते खरी. पण मुख्य राउटरवर अर्धवट बदल होण्यापेक्षा त्या शिव्या स्वस्त.

यांग ही स्क्रिप्टची भाषा नाही, उपकरणात कोणती माहिती कुठल्या आकारात असेल त्याचा नमुना लिहिण्याची भाषा आहे. पण ऑटोमेशनवाल्यांचं तिच्यावाचून पान हलत नाही. तिची पहिली आवृत्ती २०१०ची, १.१ ही आवृत्ती २०१६ची. पहिलीत आवृत्तीची ओळ ऐच्छिक होती, १.१मध्ये सक्तीची झाली आणि नियम असा ठरला: ओळ नसेल तर फाइल पहिल्या आवृत्तीची समजा. मला हा नियम फार शहाणा वाटतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात उलटी तिरकी रेघ कशी वाचायची हे दोन्ही आवृत्त्यांत वेगळं आहे. ओळच नसती, तर जुन्या फाइलीतला मजकूर नव्या नियमानं वाचला गेला असता. मौनाचा अर्थ आधीच लिहून ठेवल्यामुळे अंदाजाला जागा उरली नाही.

पर्ल या भाषेत ‘यूज व्ही५.३६’ लिहिलं की दोन कामं होतात. त्याहून जुनं पर्ल असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते, आणि तेवढं किंवा त्याहून नवं असेल तर कडक तपासणी व इशारे आपोआप चालू होतात. नेटवर्क उपकरणांच्या मांडणीच्या प्रती जपून ठेवणारं ‘रॅन्सिड’ हे जुनं, दणकट साधन पर्ल आणि एक्स्पेक्टमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे या भाषा म्हाताऱ्या म्हणून हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

## ‘सगळं नवीनच टाका ना, भानगड संपेल’

फोनवरचं ॲप अपडेट करण्याइतकं हे सोपं असतं तर बरं झालं असतं. स्विच खोलीच्या कोपऱ्यात दहा-दहा वर्षं चालतात, आणि चालणाऱ्याला कुणी हात लावत नाही. नव्या आवृत्त्या जुन्याचा हात सोडतात तेही खरं. अॅन्सिबल हे दूरच्या यंत्रांकडून एकाच वेळी कामं करून घेणारं साधन. मे २०२४मध्ये आलेल्या अॅन्सिबल-कोअर २.१७नं दूरच्या यंत्रांवरच्या पायथॉन २.७ आणि ३.६ला रामराम केला, आणि रेड हॅटच्या आठव्या लिनक्सवर मुळात पायथॉन ३.६च होतं. तिथल्या लोकांनी मग अॅन्सिबलच जुनं ठेवलं. एक नवं केलं की दुसरं जुनं ठेवावं लागतं, असा हा संसार.

## ‘किमान एवढी आवृत्ती हवी’ लिहिलं की झालं?

नाही, आणि नेटवर्कवाल्यांना हे ऑक्टोबर २०२४मध्ये नीट कळलं. जुन्या स्विचमध्ये शिरायला टेलनेट ही जुनी पद्धत लागते आणि त्यासाठी पायथॉनमध्ये ‘टेलनेटलिब’ नावाचा तयार संच होता. पायथॉन ३.१३नं तो काढून टाकला. ज्या स्क्रिप्टनं ‘३.८ किंवा पुढचं’ असं लिहून ठेवलं होतं तिची अट ३.१३ पूर्ण करतं, दार उघडतं, आणि आत गेल्यावर कळतं की जिना काढून नेलाय.

टीसीएलमध्ये हीच ओळ जरा वेगळी वाचतात. ‘८.५ हवी’ म्हटलं तर तिचा अर्थ ८.५ किंवा पुढची, पण आठव्या मालिकेतलीच. ९ चालणार नाही. नऊही चालवायची तर आकड्यापुढे एक आडवी रेघ द्यायची, ‘८.५-’. त्या रेघेवर मी एकदा अर्धा तास घालवलाय, टंकताना चुकून पडली असावी असं समजून.

आणि कधी कधी मोठ्या आकड्यावर विसंबूनही भागत नाही. आयपी पत्ता तपासणारा पायथॉनचा संच ३.९.४मध्येही ‘१९२.१६८.००१.०१०’ असं शून्यं भरलेलं लिखाण खपवून घ्यायचा. ते धोक्याचं ठरलं, कारण दुसरा एखादा प्रोग्राम त्याच शून्यांना अष्टमान समजू शकतो. ३.९.५पासून असा पत्ता चूक ठरतो. एक्सेलमध्ये सुबक रांगा दिसाव्यात म्हणून शून्यं भरलेली यादी एका रात्रीत निकामी, तेही तिसऱ्या स्थानावरच्या आकड्यातल्या बदलानं.

## ३.१० मोठा की ३.९?

शाळेच्या गणितात ३.९ मोठा. आवृत्तीत ३.१० मोठा. मधला ठिपका दशांशचिन्ह नाहीच. सातबारावर गट नंबर ३/९ नंतर ३/१० येतो, तसं हे आहे. पण कित्येक स्क्रिप्टमध्ये आवृत्तीची पहिली तीन अक्षरं कापून तुलना केलेली असायची. ‘३.९’पर्यंत ते छान चाललं. पायथॉन ३.१० आलं आणि तीन अक्षरं कापल्यावर उरलं ‘३.१’. नव्या कोऱ्या पायथॉनला स्क्रिप्ट ‘तुम्ही फार जुने आहात’ म्हणून दारातून परत पाठवायला लागल्या. मांडणीच्या यामल फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं तरी तेच होतं, शेवटचं शून्य गळून जातं. आवृत्ती अवतरणचिन्हांत लिहायची सवय लावून घ्यावी.

## ‘मग स्क्रिप्टलाच आवृत्ती तपासू दे’

हा उपाय सगळ्यांनाच सुचतो: सुरुवातीला दोन ओळी लिहायच्या, आवृत्ती जुनी असेल तर नम्रपणे सांगून थांबायचं. पायथॉनमध्ये यात एक खोच आहे. पायथॉन पहिली ओळ चालवण्याआधी अख्खी फाइल वाचून व्याकरण तपासतं. खाली पन्नासाव्या ओळीत नव्या आवृत्तीतली रचना असली की जुनं पायथॉन तिथेच ‘व्याकरण चुकलं’ म्हणून ओरडतं, तुमची नम्र सूचना तशीच राहते. उपाय म्हणजे तपासणी वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवायची आणि ती पास झाली तरच मुख्य फाइल उघडायची. पर्लची ओळ मात्र फाइल वाचतानाच अंमलात येते, त्यामुळे ती पुढची रचना दिसण्याआधीच अडवते.

उलट, माझ्या टक्केवारीच्या स्क्रिप्टमध्ये एखादी नवी रचना असती तर जुनं पायथॉन पहिल्याच दिवशी ओरडलं असतं आणि मी वाचलो असतो. ती फारच साधी लिहिली होती, हेच नडलं.

## ‘बरं, ओळ लिहिली. पण ऐकतं कोण?’

आता कबुली. त्या स्क्रिप्टला पहिली ओळ होती आणि ती बरोबर होती.

युनिक्स, लिनक्सवर फाइलीची सुरुवात #! या दोन खुणांनी केली आणि पुढे भाषेचा पत्ता दिला, तर यंत्रणा ती ओळ वाचून योग्य त्या भाषेच्या हवाली फाइल करते. अगदी पहिली दोन अक्षरं तीच हवीत, वर एक रिकामी ओळ सोडली तरी खेळ खलास. विंडोजवर लिहिलेली फाइल तशीच नेली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं आणि यंत्रणा त्या अक्षरासकट ‘पायथॉन३’ शोधत बसते. पडद्यावर येतं, अशी फाइल नाही. आणि तुम्ही डोळे फाडून बघता, फाइल तर समोर आहे.

माझ्या ओळीत यातलं काहीच चुकलं नव्हतं. तिथे ‘पायथॉन३’ असंच लिहिलं होतं. पण दर तासाला कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये मी नोंद केली होती ‘पायथॉन’, पुढे फाइलीचं नाव. असं स्वतःहून भाषेचं नाव घेऊन बोलावलं की #! ची ओळ निव्वळ टीप ठरते, तिच्याकडे कुणी बघत नाही. आणि त्या सर्व्हरवर नुसतं ‘पायथॉन’ म्हणजे दुसरं पायथॉन. हा शब्द कुठे काय दाखवेल याचा भरवसाच नाही. आर्च लिनक्सनं २०१०मध्येच तो तिसऱ्याला दिला. उबुंटू या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीत तो मुळात नसतोच, हवा असेल तर ‘पायथॉन-इज-पायथॉन३’ नावाचं पॅकेज टाकावं लागतं. नाव वाचून हसू येतं, पण त्याहून प्रामाणिक नाव सुचवता येणार नाही.

कुठे कुठे तर ओळ रीतसर निवृत्त झाली आहे. अनेक प्रोग्राम एकत्र सुरू करणाऱ्या डॉकर कंपोज या साधनाच्या फाइलीत वर आवृत्ती लिहायची पद्धत होती. आता लिहिली तर साधन सांगतं की ही जुनी झाली, आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करतो. उलट दिशेनं पायथॉननं २०२४मध्ये स्क्रिप्टच्या आतच, टीपेच्या रूपात, कोणती आवृत्ती आणि कोणते संच लागतात ते लिहायची ठरावीक पद्धत आणली. ‘यूव्ही’सारखं साधन ती टीप वाचून योग्य पायथॉन स्वतः आणून देतं. पण साध्या पायथॉनला ती टीप म्हणजे टीपच. वाचणारा नेमला नाही तर तीही भिंतीवरची पाटी.

आम्ही क्रॉनमधल्या नोंदींतून भाषेचं नाव काढलं आणि स्क्रिप्टना त्यांच्या पहिल्या ओळीनं चालू द्यायला लागलो. मग त्या सर्व्हरवरून दुसरं पायथॉन उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेल आला. माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेली, मी कधीच न उघडलेली एक स्क्रिप्ट बंद पडली होती. तिच्या पहिल्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘पायथॉन२’, आणि संदेशही तेवढाच होता: पायथॉन२ सापडत नाही. उघडली, चार भागाकार होते, चारही तपासले, वरचा दोनचा तीन केला. चहा यायच्या आत काम झालं.